खण कां आपटतो?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, रेडिओवर बोलावयास याहून मोठा विषय मिळाला नाहीं काय! स्वयंपाकघरांतील ओट्याखालचा खण ती काय वस्तु, आणि तिच्याविषयीं भाषण करावयाचें तें काय! परंतु ज्या वस्तूला दिवसांतून वीस-पंचवीस वेळां हात लागतो ती वस्तु लहान असली तरी तिचा उपद्रव लहान नसतो. खण नीट मिटतो तोंपर्यंत त्याचें कोणास स्मरणहि नसतें. तो एकदां आपटूं लागला, किंवा दोन बोटें बाहेर राहूं लागला, म्हणजे मात्र सकाळच्या घाईंत घरांतील प्रत्येकाच्या कपाळावर त्याच्यापायीं एक आठी उमटते.

पूर्वीं ज्यास आपण खण म्हणत असूं त्यास आज बहुतेक घरांत ट्रॉली म्हणतात. ज्या दोन पोलादी पट्ट्यांवर ती ट्रॉली पुढें-मागें सरकते त्यांस कारागीर चॅनल म्हणतात. आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत स्वतःच मंद होऊन आवाज न करतां आंत जाणारा जो चॅनल, त्यास सॉफ्ट क्लोज चॅनल असें बाजारांतील नांव आहे. हा चॅनल बिघडला म्हणजे गृहस्थास दोन प्रकारचे सल्ले मिळतात. घरांतील मंडळी म्हणतात, “जरा जोरानें ढकला, बसेल आपोआप.” बाजारांतील मंडळी म्हणतात, “ट्रॉली जुनी झाली, आतां सगळेंच काम नवें करून घ्या.” पहिल्या सल्ल्यानें थोडा बिघडलेला चॅनल पुरता मोडतो, दुसऱ्यानें चांगलें लांकूड व पुष्कळ पैसा वायां जातो. माझें म्हणणें एवढेंच कीं, खर्चाचा विचार करण्यापूर्वीं दोष नेमका कोठें आहे तें पाहावें. चॅनलाच्या रचनेंत पाहण्याजोग्या गोष्टी चारच आहेत : पट्ट्या व त्यांमधील गोळ्या, त्यांस धरून ठेवणारे स्क्रू, खण आंत ओढून घेणारा स्प्रिंगचा खटका, आणि त्या ओढीला आवर घालणारी तेलाची नळी. पहिल्या तिहींचे बहुतेक दोष घरच्या घरीं काढतां येतात; चौथी नळी मात्र दुरुस्त होत नाहीं, बदलावी लागते. लांकडाचा सांगाडा यांत क्वचितच दोषी असतो.

प्रथम हा खण मंद कां होतो तें समजून घेऊं. कारण तें समजलें म्हणजे पुढील सर्व उपचार आपोआप समजतात. सायकलचा पंप घ्या, त्याच्या तोंडावर बोट दाबून धरा आणि दांडा आंत ढकला. हात मध्येंच अडतो व सोडला कीं दांडा परत उसळतो. आंतील हवा दबते व पुन्हां फुगते, म्हणून तो उसळतो. आतां हवेच्या जागीं घट्ट तेल भरलें आहे, आणि दट्ट्याला एक अगदीं अरुंद वाट ठेवली आहे, अशी कल्पना करा. तेल हवेसारखें दबत नाहीं. त्याला त्या अरुंद वाटेनेंच दट्ट्याच्या मागल्या बाजूस जावें लागतें. तें जेवढें जाईल तेवढाच दट्ट्या पुढें सरकेल, आणि उसळी तर घेणारच नाहीं. सॉफ्ट क्लोज चॅनलाच्या मागल्या टोकास प्लॅस्टिकच्या आवरणांत जी बोटाएवढी नळी असते, तिच्यांत हेंच चाललेलें असतें. कारागीर तिला डँपर म्हणतात.

आमच्या नवेगांव बांधच्या लोकांस ही गोष्ट समजावयास दूर जावें लागत नाहीं. कोलू पाटील कोहळी यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधला असें मानण्यांत येणारा आमचा तलाव प्रसिद्धच आहे. या भागांतील जुन्या तलावांच्या पाळींत पाणी सोडण्याचें जें दार असतें त्यास तुडुम म्हणतात. तलावांत पाणी कितीहि असो, पाटांत तें तुडुमाच्या तोंडांतून मावेल तेवढेंच येतें. नळींतील तेलाचें तसेंच आहे. दुसरा अनुभव गुडघाभर पाण्यांतून चालण्याचा. सावकाश चाला, पाणी वाट देतें. धांवूं लागा, तेंच पाणी पाय धरून ठेवतें. म्हणजे विरोध हा वेगाबरोबर वाढतो. यावरून एक व्यवहाराचा नियम निघतो, तो असा कीं, सॉफ्ट क्लोज खण जोरानें ढकलला असतां तो लवकर मिटत नाहीं. केवळ नळीवरील दाब वाढतो. दोन्ही हात गुंतले म्हणून कमरेनें धक्का देऊन खण लावण्याची पुष्कळ घरांत संवय असते. त्या धक्क्यांनीं नळींतील रबराची कडी हळूहळू झिजते, तेल पाझरतें, आणि एके दिवशीं खण आपटूं लागतो.

या नळींत बहुधा सिलिकोन नांवाचें तेल घालतात, यालाहि कारण आहे. साधें तेल थंडींत दाट व उन्हाळ्यांत पातळ होतें. सिलिकोन तेलांत हा फरक पुष्कळ कमी पडतो. तरीहि विदर्भांतील मे महिन्यांत खण किंचित् लवकर आणि जानेवारीच्या पहांटे किंचित् उशिरां मिटलेला दिसला, तर तो बिघाड समजूं नये.

ही युक्ति घरगुती खणांत फार जुनी नाहीं. दारें सावकाश लावणारीं तेलाचीं यंत्रें कचेऱ्यांतून पुष्कळ आधींपासून होतीं. परंतु तीच कल्पना बोटाएवढ्या नळींत आणून स्वयंपाकघरांत बसविण्याचें काम एकविसाव्या शतकाच्या तोंडाशीं झालें. ऑस्ट्रिया देशांत बोडन सरोवराजवळ होक्स्ट नांवाचें गांव आहे. तेथें युलियुस ब्लूम यांनीं १९५२ सालीं एक लहान कारखाना काढला. त्याची पहिली वस्तु काय, तर घोड्यांच्या नालांस लावावयाचे खिळे! त्याच कारखान्यानें पुढें बिजागऱ्या व खणांच्या पट्ट्या काढल्या, आणि २००१ सालीं मंद मिटणारी आपली योजना बाजारांत आणली. आज अशा वस्तु करणारे कारखाने अनेक देशांत व आपल्याकडेहि आहेत, आणि लहान गांवांतील घरांतहि हे खण पोंचले आहेत. मात्र खण पोंचले तरी ते दुरुस्त करणारा मनुष्य त्यांच्याबरोबर पोंचलेला नाहीं. नागपुरांत किंवा पुण्यांत कारागीर बोलावतां येतो. आमच्याकडे वाढई आहे, त्याचा हातहि चांगला आहे; पण विशिष्ट चॅनल हवा असेल तर साठ-पासष्ट किलोमीटरांवर गोंदियास जावें लागतें. तेव्हां काय आणावयाचें हें नेमकें ठाऊक नसेल तर एक खेप फुकट जाते. शहरांत ही खेप आपली नसते, ती कारागिराची असते. तथापि तिचे पैसे आपणच देतों.

असो. आतां परीक्षेकडे वळूं. खण प्रथम पूर्ण रिकामा करावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु कित्येक खणांचा रोग रिकामा करतांच बरा होतो. साधारण घरगुती चॅनलांची जोडी पसतीस ते पंचेचाळीस किलो भार सोसते, आणि त्यांत खणाचें स्वतःचें वजनहि धरलेलें असतें. आमचा जिल्हा भाताचा. येथील गृहिणी खालच्या मोठ्या खणांत तांदळाचा डबा ठेवते, शेजारीं डाळींचे डबे, आणि मागें पितळी पातेलीं. वीस-पंचवीस किलो तांदूळ एकट्या डब्यांत असतात. मग खण पुढें झुकतो, आणि त्याचें खापर चॅनलाच्या माथीं फुटतें. तांदळाची जागा जमिनीवर किंवा पक्क्या फडताळांत. सरकत्या खणांत रोजच्या वापराचींच भांडीं ठेवावीं. लहान मुलांनीं उघड्या खणावर लोंबकळूं नये, हेंहि याच ओघांत सांगून ठेवतों.

खण रिकामा झाला कीं तो बाहेर काढावा. खणाच्या दोन्ही कुशींस दिसणारा गोळ्यांचा चॅनल असेल तर तो पूर्ण बाहेर ओढल्यावर प्रत्येक पट्टीवर काळ्या प्लॅस्टिकची एक लहान जीभ दिसते. पुष्कळ चॅनलांत एका बाजूची जीभ वर उचलावी लागते व दुसऱ्या बाजूची खालीं दाबावी लागते; दोन्ही एकदम दाबून खण सरळ आपल्याकडे ओढला कीं तो सुटतो. चॅनल खणाच्या पोटाखालीं लपलेला असेल तर पुढल्या दोन कोपऱ्यांखालीं चिमटे असतात. ते दाबून खण उचलून घ्यावा.

आतां लक्षणें पाहूं. खण वाटेंत सर्वत्र जड चालत असेल व करकर वाजत असेल, तर दोष पट्ट्यांत आहे. आपलें स्वयंपाकघर युरोपांतील स्वयंपाकघरासारखें नव्हे. येथें रोज फोडणी होते, कणीक चाळली जाते, हळद-तिखटाची भुकटी उडते. तेलाची वाफ पट्टीवर बसते, तिच्यावर पीठ बसतें, आणि दोहोंचा मिळून एक लगदा होतो. जुन्या दांत-ब्रशानें हा लगदा खरवडावा, कोरड्या फडक्यानें पुसावा, आणि गोळ्यांच्या वाटेवर यंत्रांस लावावयाच्या ग्रीसचा अगदीं पातळ हात फिरवावा. खोबरेल किंवा गोडें तेल मुळींच लावूं नये. खोबरेल चोवीस अंशांच्या खालीं थिजतें, म्हणजे हिंवाळ्यांत तें वंगण न राहतां मेण होतें. आणि गोडें तेल हवेनें चिकट होऊन नवें पीठ धरून ठेवतें. गोळ्या धरणारी जाळी तुटून गोळ्या खालीं पडल्या असतील तर मात्र स्वच्छतेचा उपयोग नाहीं. तो चॅनल बदलावयाचाच.

खण एका बाजूस कलत असेल, किंवा त्याचें तोंड खालीं झुकत असेल, तर स्क्रू पाहावेत. पेचकसानें स्क्रू फिरवितांना तो नुसताच फिरत राहिला तर भोंक सैल झालें असें समजावें. भुशाच्या दाबलेल्या फळीला, ज्यास पार्टिकल बोर्ड म्हणतात तिला, हा रोग फार. अशा भोकांत जाड स्क्रू ठोकणें हा उपाय नव्हे. त्यानें फळी फुटते. बांबूची किंवा सागाची बारीक काडी घ्यावी, तिला लांकडाचा डिंक लावून ती भोकांत घट्ट बसवावी, रात्रभर वाळूं द्यावी, सकाळीं फळीच्या पातळीस कापावी, आणि मग तींत दोन मिलिमीटरांचें नवें भोंक पाडून पहिलाच स्क्रू बसवावा. घाई असल्यास आगपेटीच्या गुल काढून टाकलेल्या काड्याहि चालतात. स्क्रू साधारणतः साडेतीन मिलिमीटर जाड व सोळा मिलिमीटर लांब असतो. फळीच सोळा मिलिमीटरांची असेल तर तेरा मिलिमीटरांचा घ्यावा, नाहींतर टोंक पलीकडून बाहेर येईल. स्क्रूचें डोकें पट्टींत पूर्ण बुडलें पाहिजे. एक डोकें केसभर वर राहिलें तरी खण तेथेंच अडतो.

खण दोन-तीन बोटें बाहेर थांबत असेल, किंवा शेवटीं लागून परत येत असेल, तर प्रथम मागें हात घालून पाहा. पडलेला चमचा, डब्याचें झांकण, वर्तमानपत्राची घडी, यांपैकीं कांहीं तरी तेथें पुष्कळ वेळां सांपडतें. कांहीं नसेल तर खटका पाहावा. खण बाहेर असतांना हा खटका पुढें येऊन आपल्या खांचेंत ताणून उभा राहिलेला असतो. खणाची खुंटी त्यांत अडकली कीं तो सुटतो व खणास आंत ओढतो. कधीं कधीं धक्क्यानें तो खणाच्या आधींच सुटून आंत जाऊन बसतो. मग खुंटीला धरावयास कोणी नसतें, ती त्याच्यावर आपटून परत येते. पेचकसाच्या टोकानें खटका पुढें ओढून खांचेंत बसविला कीं काम होतें. स्प्रिंग ताणलेली असते, यास्तव तेथें बोट घालूं नये. खटका बसतच नसेल, किंवा त्याचा प्लॅस्टिकचा दांत तुटला असेल, तर तो भाग गेला असें समजावें.

आणि खण सुखानें चालून शेवटीं धाडकन् आपटत असेल, तर नळीची परीक्षा करावी. दोन्ही चॅनलांचे खटके पेचकसानें एकामागून एक सोडून पाहा. जो सावकाश आंत जाईल त्याची नळी चांगली. जो फटकन् आंत जाईल त्याची गेली. नळीजवळ तेलाचा ओघळ दिसला तर संशयहि उरत नाहीं. ही नळी उघडून तींत तेल भरण्याच्या भरीस पडूं नये. ती बंद करूनच केलेली असते. कांहीं जातींत नळी सुटी मिळते, कांहींत मिळत नाहीं. दुकानांत जुना चॅनल दाखवून विचारावें. एकच नळी गेली असली तरी जोडी बदलावी हें उत्तम, कारण एक बाजू मंद व दुसरी शीघ्र असली म्हणजे खण तिरपा ओढला जातो.

चॅनल बदलावयाचा ठरला तर बाजारांत जाण्यापूर्वीं तीन मापें कागदावर लिहावींत. पहिलें, मिटलेल्या चॅनलाची लांबी. खणाची नव्हे, चॅनलाची. हे चॅनल बहुधा पन्नास-पन्नास मिलिमीटरांच्या अंतरानें मिळतात : ३००, ३५०, ४००, ४५०, ५०० असे. दुसरें, पट्टीची उंची. गोळ्यांच्या चॅनलांत ती साधारण ४५ मिलिमीटर असते. तिसरें, खण व सांगाडा यांमधील फट. ही प्रत्येक बाजूस १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच, असावी लागते. फट दोनएक मिलिमीटर अधिक असेल तर पट्टीमागें पातळ लांकडी चीप घालतां येते. कमी असेल तर जोर करून कांहीं साधत नाहीं, खणाची बाजू रंधावी लागते. पोटाखालील चॅनलांचीं मापें मात्र जातीजातीनें निराळीं असतात, म्हणून तेथें त्याच कारखान्याचा व त्याच जातीचा चॅनल आणणें बरें.

बसवितांना जुना चॅनल काढण्यापूर्वींच त्याच्या कडेनें पेन्सिलीची रेघ ओढून ठेवावी. सांगाड्याच्या पुढल्या कडेपासून पहिलें छिद्र किती अंतरावर आहे तें मोजावें. युरोपांतील प्रचलित पद्धतींत हें अंतर ३७ मिलिमीटर धरतात. दोन्ही बाजूंस उंची व हें अंतर अगदीं सारखें असलें पाहिजे. पट्टींत कांहीं भोकें लांबट व कांहीं गोल असतात, तीं उगीच नव्हेत. प्रथम लांबट भोकांतच स्क्रू लावावेत, खण घालून पाहावा, वर-खालीं सरकवून सरळ करावा, आणि मन भरल्यावरच गोल भोकांतील स्क्रू लावून तो कायम करावा. इतकी काळजी घेतली तर हें काम पेचकस, मोजपट्टी व एक दुपार यांतच होतें.

लांकडाचा सांगाडा क्वचितच दोषी असतो, असें मीं आरंभीं म्हटलें. तो क्वचित् प्रसंग कोणता, तेंहि सांगितलें पाहिजे. आमच्या भागांत पावसाळा भरपूर. त्यांत भांडीं घासण्याच्या मोरीचा नळ आंतून गळत असेल, तर भुशाची फळी पाणी पिऊन फुगते, आणि एकदां फुगलेली ती फळी वाळली तरी पूर्ववत् होत नाहीं. अशा फळीवर कितीहि उत्तम चॅनल लावला तरी तो टिकणार नाहीं. तेथें प्रथम गळती थांबवून तेवढीच फळी बदलावी. याच्या उलट जुन्या सागाचा खण असेल तर तो कधींहि टाकूं नये. सागाचा खण दोन पिढ्या सहज टिकतो. त्याच्या कुशीची पोलादी पट्टी तेवढी टिकत नाहीं. पट्टीच्या मरणानें खणाला मारणें हा न्याय नव्हे.

आणखी एक गोष्ट. सॉफ्ट क्लोज ही सोय आहे, गरज नव्हे. योग्य जोडी मिळत नसेल, किंवा परवडत नसेल, तर त्याच मापाचा साधा गोळ्यांचा चॅनल बहुधा त्याच जागीं बसतो व तो स्वस्तहि असतो. त्याच्याबरोबर मागल्या भिंतीस लावावयाची सुटी नळी कांहीं दुकानांत मिळते. ती लावली तर मंदपणाहि बराचसा परत येतो. नाहींच मिळाली, तर हातानें सावकाश लावावा. ज्या पिढीनें लांकडी खांचेंत मेणबत्ती घांसून खण चालविले, तिनें तें काम हातानेंच केलें होतें.

शेवटीं एक लहानशी सूचना करून रजा घेतों. खण पुन्हां बसविण्यापूर्वीं त्याच्या तळाशीं पेन्सिलीनें चार गोष्टी लिहून ठेवा : चॅनलाची लांबी, कारखान्याचें नांव, किती किलोंचा, आणि कोणत्या सालीं बसविला. आठ-दहा वर्षांनीं तो पुन्हां बिघडेल तेव्हां घरांत तुम्ही असाल, सून असेल, किंवा नातू असेल. ज्याच्या हातांत तो खण येईल त्याला कोणाच्या सल्ल्यावर अवलंबून राहावें लागणार नाहीं. काय आणावयाचें तें त्याला तळाशींच वाचावयास मिळेल.